साडेसहा ऑक्सिजन

माझी मुलगी दहावीत गेली त्या वर्षी आमच्या हॉलमध्ये शिकवणी सुरू झाली, आणि त्या शिकवणीत सगळ्यात जास्त मीच शिकले. हे सांगताना मला अजून थोडं हसू येतं.

कोपरखैरण्यातली आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची. आम्ही तळमजल्यावर. चौथ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. आयुष्यभर त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं, त्यामुळे अख्खी सोसायटी त्यांना 'बाई' म्हणायची. शिकवण्यांची मुलं तेवढी 'टीचर' म्हणायची. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायू झाला होता आणि ते दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. घरात चार मुलं जमली, गलका झाला की त्यांची तगमग व्हायची. म्हणून बाईंनी शिकवण्या बंद केल्या होत्या.

एकदा बाजारातून येताना त्या आमच्या दाराशी पायरीवर टेकल्या. गुडघे दुखत होते. मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या आत डोकावून म्हणाल्या, "तुझा हॉल संध्याकाळी पाच ते सात मोकळाच असतो ना गं?"

"हो, हे मार्केटातून यायला साडेसात होतात. का हो बाई?"

"सहा-सात पोरं बसतील. तुझ्या पोरीलाही शिकवीन. त्या दोन तासांत वर यांच्याजवळ कामाच्या मावशी थांबतील."

मी लगेच हो म्हटलं. माझे यजमान वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार. पोती वाहून वाहून खांद्याला घट्टे पडलेले. मुलगी शिकली पाहिजे एवढं एकच त्यांचं म्हणणं. त्यांना विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

मी स्वतः दहावी नापास. साताऱ्याकडच्या आमच्या गावात शाळा होती, पण आमच्या वर्षाला विज्ञानाचे सर दिवाळीपर्यंत नव्हतेच, आणि आले ते धडे वाचून दाखवायचे. बाकी सगळ्या विषयांत मी निघाले, विज्ञानात गेले. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं होतं. त्याच्या आत लग्न ठरलं आणि मी नव्या मुंबईत आले. पुढच्या वीस वर्षांत मला कुणी शिक्षण विचारलं की मी "दहावी" एवढंच सांगायची. पास की नापास ते कुणी विचारायचं नाही, मी सांगायची नाही.

हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसता पडदा. पाच वाजता मुलं चटईवर बसायची, बाई प्लास्टिकच्या खुर्चीत, आणि भिंतीला टेकवलेला पांढरा फळा. मी पडद्याआड भाजी निवडत असायची. सुरुवातीला आवाज नुसताच कानावर पडायचा. मग एक दिवस बाईंनी समीकरणं घेतली, आणि माझा हात मेथीच्या जुडीवरच थांबला.

त्या म्हणत होत्या, "आपल्या शेगडीला पाइपमधून येतो तो गॅस मिथेन. एक कार्बन, चार हायड्रोजन. जळताना तो हवेतला ऑक्सिजन घेतो. कार्बनचा होतो कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजनचं होतं पाणी. आता डावीकडे जितके अणू आत गेले तितकेच उजवीकडे बाहेर आले पाहिजेत. एकही हरवत नाही, एकही नवा येत नाही. मोजा बघू."

एक मुलगा म्हणाला, "टीचर, हायड्रोजन डावीकडे चार आहेत, उजवीकडे दोन. मग पाण्यातच चार करायचे. H₄O."

"आणि ते तू पिशील?" बाई म्हणाल्या. मुलं हसली. "ऐका. खालचा बारका आकडा देवाचा. त्याला हात लावायचा नाही. तो बदलला की पदार्थच बदलतो. पुढचा मोठा आकडा आपला. पाणी एक नको, दोन घ्या. पण घ्यायचं ते पाणीच."

मग फळ्यावर लिहिल्याचा आवाज आला. मी पडदा जरासा सारून पाहिलं.

CH₄ + 2O₂ → CO₂ + 2H₂O

मला माझा दहावीचा पेपर आठवला. त्यात मी सगळीकडे देवाच्या आकड्यातच ढवळाढवळ करून ठेवली होती. दोन्ही बाजू जुळवायच्या एवढं मला माहीत होतं, कुठला आकडा आपला आणि कुठला नाही हे कुणी सांगितलंच नव्हतं. वीस वर्षं मी स्वतःला ढ समजत होते. त्या संध्याकाळी मेथी निवडता निवडता मला कळलं की एक वाक्य सांगायचं राहून गेलं होतं, बस.

दुसऱ्या दिवसापासून मी मुलं यायच्या आधी चहाची भांडी आटोपून ताट घेऊन बसायला लागले. ताटात चवळी, साबुदाणा आणि पांढरे वाटाणे. चवळी म्हणजे कार्बन, साबुदाणा हायड्रोजन, वाटाणा ऑक्सिजन. ऑक्सिजन कधी एकटा फिरत नाही, जोडीनेच येतो, असं बाईंनी सांगितलं होतं. म्हणून वाटाणे मी दोन-दोनच उचलायची. बाई बाहेर समीकरण सांगायच्या, मी आत ताटात मांडायची. प्रोपेनला तीन चवळ्या, आठ साबुदाणे. जळल्यावर तीन कार्बन डायऑक्साइड आणि चार पाणी. वाटाणे लागले दहा, म्हणजे पाच जोड्या. जमलं की मला लहान मुलीसारखा आनंद व्हायचा, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

असेच पंधरा-वीस दिवस गेले. मग आला ब्यूटेन.

"आमच्या गावी अजून सिलिंडर येतो," बाई म्हणाल्या. बाई मूळच्या उरणकडच्या, जासईच्या. "त्यात असतो प्रोपेन आणि ब्यूटेन. ब्यूटेन म्हणजे चार कार्बन, दहा हायड्रोजन. आधी कार्बन जुळवा, मग हायड्रोजन, ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. सांगा, ऑक्सिजन किती?"

कुणी सहा म्हणालं, कुणी सात. माझी मुलगी म्हणाली, "तेरा?"

मी ताटात बघत होते. चार चवळ्यांना आठ वाटाणे, पाच पाण्यांना पाच. झाले तेरा. सहा जोड्या आणि एक वाटाणा शिल्लक. माझ्या तोंडून निघून गेलं, "साडेसहा."

फळ्यावरचा मार्कर थांबला.

"कोण म्हणालं?" बाईंनी विचारलं.

"काकू," एका मुलाने सांगून टाकलं.

बाई तिथूनच म्हणाल्या, "अर्धा रेणू असतो का गं कधी?"

मी पडद्याआडूनच म्हटलं, "नाही."

"मग?"

"मग सगळंच दुप्पट करायचं. ब्यूटेन दोन, ऑक्सिजन तेरा. कार्बन डायऑक्साइड आठ, पाणी दहा."

"बाहेर ये," बाई म्हणाल्या.

मी पदराला हात पुसत बाहेर आले. बाईंनी खडूसारखा हातात धरलेला मार्कर माझ्यापुढे केला. "लिही."

मी लिहिलं. वीस वर्षांनी फळ्यावर लिहीत होते. आठाचा आकडा इंग्रजी एससारखा झाला. बाईंनी पाहिलं, मान हलवली आणि विचारलं, "तुझं शिक्षण किती?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा पूर्ण उत्तर दिलं. "दहावी नापास. विज्ञानात गेले."

मुलांच्या समोर बोलले मी हे. माझी मुलगी खाली मान घालून वहीत रेघोट्या ओढत होती.

"उद्यापासून पडद्याच्या ह्या बाजूला बसायचं," बाई म्हणाल्या. "भाजी निवडायची तर इथे निवड."

रात्री जेवताना मुलगी माझ्याशी बोलली नाही. झोपायच्या आधी म्हणाली, "मम्मी, प्लीज तू आतच बस ना. सगळे हसतात."

"कोण हसलं?"

"कुणी नाही. पण हसतील."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता गवारीची टोपली घेऊन चटईच्या कडेला जाऊन बसले. मुलं हसली नाहीत. उलट एकाने माझ्या टोपलीतली गवार मोडायला घेतली. मुलगी मात्र धुमसत राहिली. पुढच्या महिन्यात बाईंनी वीस मार्कांची चाचणी घेतली. मला अठरा, तिला अकरा. बाईंनी मार्क मोठ्याने वाचले. त्यानंतर ती आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मार्क वाचू नका असं बाईंना आधीच सांगायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं.

थंडी सुरू झाली तशी तिची डोकेदुखी सुरू झाली. सकाळी आंघोळ करून आली की कपाळ धरून बसायची. "मळमळतंय," म्हणायची. डबा तसाच परत यायचा. ह्यांना वाटलं अभ्यासाचं टेन्शन आलंय. मी चष्म्याच्या दुकानात नेऊन डोळे तपासून आणले, नंबर नव्हता. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की ती रुसलीय, नाटक करतेय. शाळेत गेली की दुपारपर्यंत बरी व्हायची, त्यामुळे माझी खात्रीच पटली होती. हे लिहिताना आजही लाज वाटते.

त्याच सुमारास बाईंनी ज्वलनाचा शेवटचा भाग घेतला. त्या सगळ्या मुलांना घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. ओट्याभोवती आम्ही आठ जण दाटीवाटीने उभे. बाईंनी शेगडी पेटवली. निळी, ठेंगणी ज्योत.

"निळी म्हणजे?"

"हवा पुरेशी," मुलं म्हणाली.

बाईंनी एक फडकं ओलं केलं आणि शेगडीखालच्या नळीला हवेसाठी भोकं असतात ती झाकली. ज्योत उंच झाली, पिवळी झाली, डुलायला लागली. वर स्टीलची ताटली धरली तर तिला काजळी धरली.

"गॅस तोच, हवा कमी. आता काय होतं बघा." त्यांनी तिथेच माझ्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहिलं:

2CH₄ + 3O₂ → 2CO + 4H₂O

"मघाशी दोन मिथेनला चार ऑक्सिजन मिळत होते. आता तीनच मिळाले. कार्बनच्या वाट्याला दोनाऐवजी एकच आला. खालचा दोनाचा आकडा कुठे गेला?"

"गेला, टीचर."

"तो गेला की विष. कार्बन मोनॉक्साइड. दिसत नाही, वास येत नाही. माणसाला आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. पेपरात वाचता ना, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपले आणि उठलेच नाहीत. ते हेच."

मुलं गंभीर झाली. मीही ऐकलं, वहीत लिहून घेतलं. आणि गवार फोडणीला टाकली. कानांनी ऐकलेलं डोक्यात पोचायला माणसाला कधी कधी चार दिवस लागतात.

चौथ्या दिवशी सकाळी हे कामावर गेले होते. माझी दोन मिनिटांची आंघोळ आधी झाली. बाथरूममधल्या गॅस गिझरला ज्योत दिसायला पुढे एक बारकं भोक होतं, त्यातून मला पिवळसर काहीतरी हलताना दिसलं. गिझर जुना झालाय, दाखवून घ्यायला पाहिजे, एवढंच मनात आलं. मग मुलगी तिच्या अर्ध्या तासाच्या आंघोळीला गेली आणि मी भाकरी थापायला घेतल्या.

तवा तापत होता. तव्याखाली ज्योत निळी होती. मी तिच्याकडे बघत बघत भाकरीला पाणी लावलं आणि एकाएकी माझ्या मनात आलं: दोन्हीकडे गॅस एकाच पाइपचा. इथे निळा, तिथे पिवळा कसा?

बाथरूमच्या खिडकीला काचेच्या पट्ट्या होत्या. ती खिडकी इमारतीच्या बाजूच्या बोळात उघडायची, तिथे पोरं बाइक लावायची, उभी राहून गप्पा मारायची. मुलगी मोठी झाली म्हणून दिवाळीनंतर मीच त्या खिडकीला आतून जाड पुठ्ठा लावला होता. चारी बाजूंनी चिकटपट्टी, एक फट ठेवली नव्हती. मीच.

भाकरी तव्यावर तशीच टाकून मी धावले. आत पाणी वाहत होतं. तांब्याचा आवाज नव्हता.

"अगं! दार उघड!"

काही नाही.

"ऐकतेस का? कडी काढ!"

मी परत स्वयंपाकघरात जाऊन पाइपचा मुख्य कॉक बंद केला आणि येऊन दाराला लाथ घातली. प्लास्टिकचं दार, तिसऱ्या लाथेला कडीचे स्क्रू उपटले. आत वाफ कोंडलेली. ती भिंतीला टेकून बसल्यासारखी कोसळली होती, मान एका बाजूला, ओठ लाल. मी श्वास रोखून तिच्या काखेत हात घालून तिला ओढत हॉलमध्ये आणलं, चादर गुंडाळली, पुढचं दार सताड उघडलं आणि ओरडले, "बाई!"

बाई वरून, चौथ्या मजल्याच्या खिडकीतून विचारत होत्या, "काय झाला गो?" त्यांची गावची बोली अशी घाईतच बाहेर यायची.

"गिझर! पोर उठत नाही!"

"बाहेर मोकळ्यावर आन तिला! आत ठेवू नको!"

मी तिला उंबऱ्याबाहेर ओढलं. समोरच्या घरातल्या वहिनींनी रिक्षा थांबवली. मोकळ्या हवेत तिने डोळे किलकिले केले, "मम्मी, डोकं," एवढंच म्हणाली आणि उलटी केली. त्या उलटीने मला जितका धीर आला तितका कशानेच आला नसता.

वाशीच्या एका दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "हिला फिट येते का? उपाशी होती का? काही खाल्लंय का?"

मी म्हटलं, "गॅस गिझर आहे. खिडकी बंद होती. ज्योत पिवळी होती. कार्बन मोनॉक्साइड असणार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अंगावर पिठाचे हात पुसलेला गाऊन, पायात चप्पल नाही. पुढे काही न विचारता त्यांनी आधी तिला ऑक्सिजनचा मास्क लावायला सांगितलं, मग रक्त घेतलं. तासाभराने येऊन म्हणाले, "तुम्ही म्हणालात तेच आहे. वेळेवर आणलंत. उशीर झाला असता तर अवघड होतं." निघता निघता विचारलं, "तुम्ही काय करता?"

"घरीच असते," मी म्हटलं.

बाई दुपारी आल्या. यजमानांजवळ मावशींना बसवून, चार मजले उतरून, रिक्षा करून. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते. त्यांना बघितल्यावर मला आवरेना. "पुठ्ठा मीच लावला हो बाई. महिनाभर पोरीचं डोकं दुखत होतं आणि मी म्हणत होते नाटक करते."

बाई माझ्याशेजारी बसल्या. "रडू नको गो बाय," त्या म्हणाल्या. "तुला येलेवर कळला ना? मग झाला." थोड्या वेळाने शुद्ध मराठीत म्हणाल्या, "मी आयुष्यात हजारो पोरांना हे शिकवलं. मार्कांसाठी शिकवलं. कुणी त्यातून माणूस वाचवल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नव्हतं."

संध्याकाळी हे आले. पुठ्ठ्याचं त्यांना मी सगळ्यात आधी सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते नुसते पोरीचे पाय चेपत बसले. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तेव्हा पुठ्ठा निघालेला होता आणि खिडकीच्या बाहेरून त्यांनी उंच, तिरकी पत्र्याची झडप बसवून घेतली होती. वारा यायचा, बाहेरून दिसायचं नाही. गिझर काढून टाकला होता. त्यांनी माझ्या चुकीबद्दल त्या दिवसापासून आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही. मार्केटातली माणसं तोंडाने फटकळ असतात म्हणतात. माझ्या नशिबी असा माणूस आला.

मुलीला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरी यायच्या आधी, मास्क काढल्यावर, ती माझ्याकडे बघत होती.

"मम्मी, तुला कसं कळलं?"

"भाकरीमुळे," मी म्हटलं आणि तिला निळ्या-पिवळ्याचं सांगितलं.

तिने काढलेल्या मास्कची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "मी तुला आत बस म्हणाले होते ना."

"म्हणाली होतीस."

"बरं झालं बसली नाहीस." आणि मग, तिच्या नेहमीच्या तोऱ्यात, "तू दहावीला बस. बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भर. मी तुझं इंग्लिश घेईन."

तिच्या परीक्षेपर्यंत मी फक्त ऐकत होते. ती विज्ञानात चांगल्या मार्कांनी पास झाली आणि पुढच्या वर्षी मी फॉर्म भरला. त्याआधी एक काम केलं. बाई आणि मी सोसायटीत घरोघर गेलो. ज्यांच्याकडे गॅस गिझर होता त्यांच्या बाथरूमच्या खिडक्या बघितल्या. कुठे पुठ्ठा, कुठे थर्माकोल, कुठे जुना फ्लेक्स. बाई जिन्यात थांबायच्या, मी आत जायची. एक आजी म्हणाल्या, "थंडी वाजते गं." मी त्यांच्या बाथरूममध्ये उभी राहून त्यांना दोन मिथेन आणि तीन ऑक्सिजन समजावून सांगितले. त्यांना काय कळलं माहीत नाही, पण थर्माकोल त्यांनी माझ्या हातात काढून दिला.

परीक्षेच्या केंद्रावर दारातल्या शिपायाने मला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबा." मी हॉल तिकीट दाखवलं तर तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. विज्ञानाच्या पेपरात ज्वलनाचा एकही प्रश्न नव्हता. भिंग होतं, धातू होते, पेशी होत्या. हायड्रोकार्बनचा ह नाही. मला खूप राग आला आणि मग हसू आलं. जे येत होतं ते लिहिलं. विज्ञानात पंचावन्न टक्क्यांच्या आसपास पडले. इंग्रजीत काठावर निघाले, त्याचं श्रेय मुलीने जाहीरपणे घेतलं. ह्यांनी निकालाच्या संध्याकाळी मार्केटातून आंब्याची पेटी आणली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हातात आंबा देऊन सांगत होते, "आमच्या घरातून दहावी पास."

त्याच पावसाळ्यात बाईंचे यजमान गेले. त्यानंतर बाई जासईला भावाच्या घरी राहायला गेल्या. सामानाचा टेम्पो खाली उभा होता. मी वाकून पाया पडले. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाल्या, "तू मला काय दिलंस तुला माहीत आहे का? दोन वर्षं मी चोवीस तास त्या खोलीत होते. औषध, बेडपॅन, पुन्हा औषध. तुझ्या हॉलमध्ये येऊन बसले की मी पुन्हा मास्तरीण व्हायची. वर जाताना जिना चढायला बळ यायचं."

मी आजवर समजत होते की घेणारी मी एकटीच.

आता मी कामोठ्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर आहे. परीक्षानळ्या धुणं, बाटल्यांवर नावं चिकटवणं, बर्नर पेटवून देणं, सामान मोजून कपाटात ठेवणं. दहावी पास लागते, विज्ञान घेऊन. पांढरा कोट मिळतो. पहिल्या दिवशी तो घालून मी आरशात इतका वेळ बघत होते की मुलगी म्हणाली, "मम्मी, बस कर, बस सुटेल." ती आता फार्मसी शिकते.

दोन-तीन महिन्यांतून एकदा मी जासईला बाईंकडे जाते. गेल्या खेपेला आम्ही त्यांच्या भावाच्या अंगणात बसलो होतो. बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर एकामागून एक रस्त्यावरून जात होते आणि बोलणं मध्येच तोडावं लागत होतं. बाईंनी वाटीत सुकट-वांगं आणि तांदळाची भाकरी दिली. मी जेवत होते आणि त्या ट्रेलर बघत होत्या.

"डिझेल," त्या एकदम म्हणाल्या. "त्यात पुष्कळ प्रकारचे रेणू असतात. एक धर, बारा कार्बन, सव्वीस हायड्रोजन. ऑक्सिजन किती?"

"बाई, जेवतेय."

"जेवता जेवता कर. चवळी मागू का आतून?" माझ्या ताटाचं गुपित मी त्यांना केव्हाच सांगून टाकलं होतं.

मी बोटं चाटून मनातल्या मनात मांडलं. बारा कार्बनला चोवीस, तेरा पाण्याला तेरा. सदतीस. जोड्या साडेअठरा. दुप्पट केलं. "डिझेल दोन, ऑक्सिजन सदतीस. कार्बन डायऑक्साइड चोवीस, पाणी तेरा."

"पानी किती?"

"तेरा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे डोळे हसले. "सगला दुप्पट केलास नि पानी तसाच ठेवलास? परत कर."

मी परत केलं. सव्वीस आलं. त्या मान डोलवून भाकरीचा आणखी एक तुकडा माझ्या ताटात ठेवायला उठल्या.